बरणी कोरडी, हात कोरडे

बरं झालं तू विचारलंस. बचत गटातल्या बाया मला मसाल्याचं प्रमाण विचारतात, तेल करडईचं घ्यावं की शेंगदाण्याचं ते विचारतात, कैरी कोणत्या झाडाची चांगली हेही विचारतात. बरणी कशी धुवायची, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रत्येकीला वाटतं, जन्मभर भांडीच घासतोय, त्यात शिकायचं काय? पण लोणचं नासतं ना, ते बहुतेक वेळा मसाल्यानं नाही नासत. ते बरणीनं, चमच्यानं, नाहीतर ओल्या फडक्यानं नासतं. आता तू लोणचं विकायला करणार आहेस. घरच्या बरणीवर बुरशी आली तर आपण हळूच वरचं काढून टाकतो नि गप्प बसतो. रिठदहून रिसोडला, वाशीमला गेलेल्या बाटलीवर बुरशी आली तर गटाचं नाव जातं, आणि ते परत मिळवायला वर्षं लागतात. म्हणून आज जरा सविस्तर सांगते. चहा ठेव आणि निवांत वाच.

पहिली गोष्ट मनात पक्की धर. भांडं स्वच्छ करणं हे एक काम आहे आणि भांड्यातले जंतू मारणं हे दुसरं. दोन्ही करावी लागतात, आणि त्याच क्रमानं. आपण काय करतो, घाईत बरणी विसळतो आणि वरून उकळतं पाणी ओततो. वाटतं, झालं. पण तळाशी गेल्या वर्षीच्या तेलाचा पातळ थर असेल, तर जंतू त्या थराखाली सुखरूप असतात. औषधाचंही तसंच. क्लोरीनचं पाणी घातलं, तर ते आधी त्या खरकट्यावरच खर्ची पडतं आणि जंतूंपर्यंत पोचेस्तोवर त्यात दम उरत नाही. म्हणून मळ आधी, जंतू नंतर.

तेलकट बरणीला थंड पाणी लावूच नको. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाक, दोन लिटरला एक मोठा चमचा पुरतो, आणि बरणी त्यात तासभर राहू दे. आजी राख वापरायची तेही तेच काम होतं. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेलाला धरून पाण्यात सोडतो, आणि तिचे बारीक कण घासायलाही कामी येतात. सोडा किंवा राख वापरलीस तर हाताला मोजे घाल, नाहीतर कातडी सोलते. मग लांब दांड्याचा ब्रश. हात जात नाही म्हणून काठीला चिंधी बांधून घासतात काहीजणी. ते नको, चिंधीच आधी घाण असते. आणि तारेची घासणी काचेला नको, प्लास्टिकला तर कधीच नाही. तिनं बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत मळ जाऊन बसतो. मग तू किती का धू, तो निघत नाही.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते तुझ्या नळाच्या तोटीवरच दिसतं. बरणीच्या आत धुरकट पांढरा पापुद्रा धरतो ना, तो साबणानं सात जन्मात जायचा नाही. त्याला आंबट लागतं. पांढरं व्हिनेगर घे, नाहीतर लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळव, अर्धा तास ठेव आणि मग घास. हा पापुद्रा दिसायला निरुपद्रवी असतो, पण तो खडबडीत असतो, आणि जंतूंना धरून बसायला खडबडीत जागाच लागते. आंबट पाणी मात्र पूर्ण काढून टाकायचं, दोनदा साध्या पाण्यानं विसळायचं. का, ते पुढं सांगते, आणि ते विसरू नको.

आता बरणी स्वच्छ निघाली की नाही, हे कसं ओळखायचं? नुसतं बघून नाही. साध्या पाण्यानं भर, ओतून टाक आणि उजेडाकडे धरून बघ. पाणी काचेवरून सारखं, एकाच पडद्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ. पाणी फाटलं, जागोजागी थेंब थांबले, तर तिथं तेल आहे. परत सोड्यात घाल. दुसरी खूण नाकाची. कोरड्या बरणीला झाकण लावून रात्रभर ठेव, सकाळी झाकण काढून लगेच वास घे. गेल्या वर्षीच्या लोणच्याचा वास आला, तर गेल्या वर्षीचं लोणचं अजून त्यात आहे असंच समज.

बरणीपेक्षा झाकण वाईट असतं. झाकणाच्या आत जो वायसर असतो, तो सुईच्या टोकानं उचकटून काढ आणि त्याच्या खाली बघ. काळपट चिकट कडं दिसेल. मिक्सरच्या भांड्याचंही तेच. पात्याच्या खालचा भाग आणि झाकणाचा रबर. मोहरी, मेथी, लसूण सगळं तिथं साचतं, कुजतं आणि पुढच्या मसाल्यात उतरतं. जे जे सुटं होतं ते सुटं करूनच धुवायचं. न निघणारा, चिरा पडलेला वायसर फेकून दे, दुकानात काही रुपयांत नवा मिळतो. गंज धरलेलं पत्र्याचं झाकणही फेक. मीठ आणि आंबट मिळून लोखंड खातात, आणि तो गंज लोणच्यात गळतो.

चिनी मातीच्या बरण्यांवर तुझा जीव आहे, मला माहीत आहे. आईच्या त्या दोन बरण्या तू नेल्यास ते बरंच केलंस. पण त्या उन्हात नेऊन आतून नीट बघ. चकाकीवर केसासारख्या बारीक रेषांचं जाळं दिसलं, तर त्यात लोणचं घालू नको. त्या रेषांतून तेल आणि मीठ आत मुरतं, ते धुऊन निघत नाही. अशा बरणीत डाळ ठेव, कौतुकानं फडताळात मांड. विकायच्या मालाला नवी काच घे.

आणि एक अगदी कळकळीनं सांगते. फवारणीच्या औषधाचा कॅन किंवा रंगाचा डबा, कितीही चांगला दिसला तरी घरात आणू नको. आपल्याकडे सोयाबीन, कपाशीच्या प्रत्येक शेतावर असे कॅन पडलेले असतात. कोणी त्यात पाणी भरतं, कोणी तेल. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी नि शेतमजूर गेले, ते आपण सगळ्यांनी ऐकलं. ते विष प्लास्टिकमध्ये मुरतं. सोडा, राख, उकळतं पाणी, कशानंही ते जात नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही रिकामे डबे फोडून, वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे, ते उगाच नाही. धुऊन शुद्ध न होणाऱ्याही वस्तू असतात, हे गटातल्या प्रत्येकीला सांग.

आता जंतू मारायचं. काचेच्या बरणीला सगळ्यात चांगलं म्हणजे उकळणं. मोठ्या गंजात तळाला जाड फडकं घाल, त्यावर बरण्या आडव्या ठेव, वरपर्यंत बुडतील इतकं थंड पाणी घाल आणि मगच गॅस पेटव. थंड बरणी उकळत्या पाण्यात टाकलीस तर ती तडकते, कारण काचेची एक बाजू फुगते आणि दुसरी मागे राहते. पाणी खळखळायला लागलं की दहा मिनिटं मोज. झाकणं, चमचे, पळी, नरसाळं सगळं त्यात. मग चिमट्यानं काढून स्वच्छ जाळीवर पालथं घाल. लहान बाटल्या असतील तर कुकरही चालतो. शिटीच्या दाबाला आतली वाफ १२० अंशांच्या आसपास जाते, दवाखान्यात सुया-कात्र्या ज्या यंत्रात घालतात त्याचं तत्त्वही हेच. बाटल्यांची झाकणं सैल ठेव, आणि कुकर आपोआप थंड होऊ दे.

मोठी बरणी, प्लास्टिकचा ड्रम, ज्यात कैरीला मीठ लावून ठेवतेस तो, हे उकळता येत नाही. त्याला क्लोरीनचं पाणी. बिनवासाचं घरगुती ब्लीच पाच टक्क्यांचं असेल, तर लिटरभर पाण्याला चहाचा एक लहान चमचा पुरतो. सगळ्या बाजूंना लागेल असं फिरव, पाच मिनिटं ठेव, ओतून दे, आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं विसळ. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर तीच जात. ती वापरायची तर लिटरला ग्रॅमभर, नीट ढवळून, गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी घ्यायचं. पण ती पावडर ओल धरली, डबा उघडा राहिला, की हळूहळू तिचा जोर जातो, म्हणून जुन्या पावडरवर विसंबू नको. स्टीलच्या भांड्यात क्लोरीनचं पाणी भरून ठेवू नको, स्टीलला खड्डे पडतात.

आणि आता ते, जे मघाशी पुढं ढकललं. व्हिनेगर, लिंबूसत्व, संडासचं अॅसिड, यातलं काहीही क्लोरीनच्या पाण्यात मिसळता कामा नये. मिसळलं की क्लोरीनचा वायू निघतो, बंद मोरीत जीव घुसमटतो. एक काम पुरं करायचं, भांडं साध्या पाण्यानं विसळायचं, मग दुसरं. दोन औषधं म्हणजे दुप्पट स्वच्छता, असं नसतं गं.

तुला वाटेल, ताई एवढी का मागे लागली. बघ, हे आजचं नाही. फ्रान्समध्ये लिल गावी १८५६ साली एका बीटच्या दारूच्या कारखान्यातल्या काही टाक्या आंबट होऊन वाया जायला लागल्या. कारखानदारानं तिथल्या कॉलेजातल्या लुई पाश्चरला बोलावलं. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर चांगल्या टाकीत गोल गोल यीस्ट होतं, आणि नासलेल्या टाकीत बारीक काड्यांसारखे वेगळेच जीव. त्यांनी साखरेची दारू न करता आम्ल केलं होतं. गंमत अशी की तसल्याच काड्या आपल्या दह्यात असतात, आणि तिथं त्या आपल्याला हव्या असतात. आंबवायचं कुठलंही काम घे, दही, चीक, आंबील, लोणचं, ते सगळं असंच: आपल्याला हवे ते जीव राहू द्यायचे, नको त्यांना जागा द्यायची नाही. घरी बिअर करणारे परदेशातले लोकही दिवसाचा अर्धा वेळ नळ्या, तोट्या, पिंप धुण्यात घालवतात. आपल्याकडे घरी दारू करायला १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवाना लागतो, तो विषयच आपला नाही. पण धुण्याची विद्या तीच आहे.

दह्याच्या भांड्याला म्हणून क्लोरीनचा वासही राहू देऊ नको, नाहीतर विरजणच मरेल. भांडं घासून उकळत्या पाण्यानं विसळलं की पुरे. मातीच्या गाडग्याला साबण लावायचा नाही; माती साबण पिते आणि पुढचे दोन-तीन दिवस दह्याला त्याची चव येते. गरम पाणी, नारळाची शेंडी आणि कडक ऊन. लाकडी रवीला चीर गेली असेल तर ती बदल, चिरेतलं ताक कुठल्याही पाण्यानं निघत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे दही तीन-चार तासांत लागतं. तितक्याच वेगानं वाईट जंतूही वाढतात, म्हणून वैशाखात भांड्याची जास्त काळजी घ्यायची.

कुरडईच्या चिकाचंही सांगते, कारण पुढं तू तेही करशील. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतो. पाणी बदलताना गहू दुसऱ्या भांड्यात काढ आणि पहिल्याची कड बघ. पाण्याच्या रेघेवर वाळलेला, बुळबुळीत थर धरलेला असतो. रोज तोच थर परत पाण्यात मिसळतो आणि तिसऱ्या दिवशी चीक गोडसर आंबट लागायच्या ऐवजी उग्र, नकोसा वास मारतो. भांडं रोज घासलं तर वास येत नाही. आंबट पदार्थाला जर्मनचं भांडं नको, स्टील घे.

आता कोरडं करणं. इथंच बहुतेकींचं चुकतं. उकळलेली बरणी खांद्यावरच्या फडक्यानं पुसली, की सगळी मेहनत पाण्यात. स्वयंपाकघरात सगळ्यात घाण काय असेल तर तो ओटा पुसायचा फडका. बरणी पुसायचीच नाही, पालथी घालून वाऱ्यावर, उन्हात वाळू दे. ऊन चांगलं, पण उन्हानं काचेच्या आतले जंतू मरतात या भरवशावर राहू नको. जंतू मारणारी किरणं काचेतून फारशी आत जात नाहीत. ऊन ओल काढतं, आणि तेवढं काम फार मोठं आहे. बुरशीला ओल लागते. आई निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी त्या धुरावर पालथी धरायची, आठवतं? ती धुरी दे, जरूर दे. निखाऱ्याच्या ऊबेनं उरलीसुरली ओल जाते आणि लोणच्याला वासही छान लागतो. पण ती धुरी धुतलेल्या बरणीला. न धुतलेल्या बरणीला धुरी दिलीस, तर खरकटं तसंच राहतं, त्याला नुसता हिंगाचा वास लागतो.

आणि हाताचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुझ्या गटात अजून ऐकू येतं की पाळीत लोणच्याला हात लावला की लोणचं नासतं. आपल्या घरातही बरणीवर सावली पडू देत नव्हते. ते खरं नाही, बाई. पाळीनं लोणचं नासत नाही. ओल्या हातानं नासतं, ओल्या चमच्यानं नासतं, नखातल्या मळानं नासतं, बांगड्यांच्या फटीत अडकलेल्या पिठानं नासतं, आणि ते हात पुरुषाचे असले तरी नासतं. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं बघितलं, की डॉक्टर प्रेतं चिरून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात आणि त्या बाया तापानं मरतात. त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि मरणं एकदम खाली आली. तुझ्या टीसीएलच्या डब्यातला तोच क्लोरीनचा चुना तो. बाईच्या शरीरात दोष नव्हता, न धुतलेल्या हातात होता. तेव्हा गटात कोणाला चार दिवस घरी बसवू नकोस, तिची मजुरी बुडते. सगळ्यांना बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लाव, नखं कापायला लाव, आणि हात पूर्ण वाळले की कामाला बसव. बोट कापलेलं असेल, जुलाब लागले असतील, तर मात्र त्या दिवशी तिला लेबलं चिकटवायला दे.

कैऱ्या धुऊन, पुसून, एकेक देठ काढून, पंख्याखाली पसरायच्या. अडकित्ता आणि पाट आधी धुतलेले, वाळलेले. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, वर बोटभर तेल. हे मीठ आणि कैरीचा आंबटपणा हेच खरे राखणदार आहेत, कारण काही जंतूंची बीजं उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. म्हणून सांगते, नुसता लसूण तेलात घालून बाहेर ठेवायचा, असलं काही विकायला काढू नको. त्यात आंबट नाही, तेलाखाली हवा नाही, आणि तिथं वाढणारं विष वासानंही कळत नाही.  आणि मीठ कमी करा म्हणणारं गिऱ्हाईक आलं, तर त्याला फ्रिजमध्ये ठेवायची छोटी बाटली दे, मोठ्या बरणीतलं मीठ कमी करू नको.

एवढं करूनही एखाद्या बरणीवर केसाळ बुरशी आली, हिरवी नाहीतर काळी, तर वरचा थर काढून खालचं विकायचं नाही. बुरशीची मुळं डोळ्यांना दिसतात त्याच्या खाली जातात. सगळं खड्ड्यात टाक, बरणी सोड्यापासून पुन्हा सुरू कर, आणि त्याच दिवशी भरलेल्या बाकीच्या बरण्या उघडून बघ. म्हणूनच प्रत्येक बरणीवर भरल्याची तारीख आणि भरणारीचं नाव लिही. अन्नसुरक्षेची नोंदणी करशील तेव्हा अधिकारीही हेच विचारतील: पाणी कुठलं, हात कुठं धुता, भांडी कशानं धुता. एक वही घाल, कोणत्या दिवशी कोणती भांडी उकळली ते लिहून ठेव. वही मी पाठवते, आमच्या इकडे कोऱ्या पडल्यात दोन.

आणि बाजारात कैऱ्या यायच्या आधीच्या आठवड्यात बरण्या काढ. कैऱ्या घरात आल्या की धुण्याला वेळ राहत नाही, त्या पिकायला लागतात नि मग आपण बरणी नुसती विसळून भरतो. वायसर मोजून घे, कमी असतील तर माझ्याकडचे घेऊन जा.